टाऊन हॉलच्या झाडाखाली केलेली सही

थंडीतल्या त्या रविवारी कोल्हापूरच्या टाऊन हॉलची बाग ओळखू येत नाही. रंगबहार संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ तिथं भरते आणि गावातले चित्रकार, शिल्पकार, गाणारे-वाजवणारे सगळे झाडांखाली येऊन बसतात. तिकीट नाही, पास नाही. ज्याला यायचं त्यानं यावं आणि हवं तितका वेळ मागं उभं राहून बघावं.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला होते. गारगोटीहून पहाटेची एसटी धरली होती. पाठीला बोर्ड, पिशवीत कार्ट्रिज पेपरची गुंडाळी आणि आईनं बांधून दिलेली भाकरी. फाटकातून आत शिरले आणि पाय थबकले. एकीकडे तंबोरा लागत होता, आणि ज्यांची चित्रं मी शाहू स्मारकच्या दालनात काचेआड पाहिली होती, ती माणसं इथं गवतावर मांडी घालून ब्रश धूत होती.

आधी शिल्पकारांपाशी रेंगाळले. तारेच्या सांगाड्यावर मातीचे गोळे नुसते दाबत जातात, बराच वेळ समोर काहीच दिसत नाही. मग अंगठा एकदा भुवईखालून फिरतो, तिथं खोबण पडते, खोबणीत सावली बसते आणि त्या मातीतून माणूस आपल्याकडे बघायला लागतो. पलीकडे एक ज्येष्ठ सर जलरंगात समोरची झाडं करत होते. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, ओला असताना झाडाची कड कधी टेकवायची, हे वर्गात कितीदा ऐकलं होतं. इथं सरांनी कागद तिरपा धरला, बोटाच्या मागच्या बाजूनं ओल चाचपली, थांबले, पुन्हा चाचपली. त्या थांबण्यातच सगळं होतं. पूर्ण झालेलं चित्र बघून ते कधीच कळत नाही.

जागाही अशी की मागं वळलं तरी शिकवणीच. 1872 ते 1876 या काळात बांधलेल्या त्या दगडी इमारतीत आता संग्रहालय आहे आणि तिथं आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकून ते कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांच्या दरबारी राहिले आणि रंकाळा, कोटितीर्थ, संध्यामठ रंगवत राहिले. पुढं आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे आते-मामेभाऊ नाटकांचे पडदे रंगवत मोठे झाले. सिनेमाचं स्वप्न दोघांचं, पण आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांचा ‘सैरंध्री’ 1920 मध्ये आला. बाबूरावांच्या हाताखाली किती जण तयार झाले! नट म्हणून नावाजलेले चंद्रकांत मांडरेही त्यांनाच गुरू मानत. मांडऱ्यांची निसर्गचित्रं आणि पावडर शेडिंग, म्हणजे भुकटीनं छटा देऊन केलेली चित्रं, राजारामपुरीतल्या त्यांच्या घरी, आता संग्रहालय झालेल्या वास्तूत, बघायला मिळतात. या गावात कला अशी हाताखाली राहून पुढं जात आलीय, आणि मला ते त्या बागेत बसून समजलं.

गावाचे हात तर किती! आमचा फ्रेमवाला पहिल्या प्रदर्शनाच्या फ्रेमा उधारीवर द्यायचा आणि वहीत नावापुढे रक्कम न लिहिता फक्त साइज लिहायचा. गणपतीच्या आधी दोन महिने शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करून मुलं वर्षाची फी उभी करत. रेषेवर हात बसायला त्याच्याइतकी चांगली तालीम नाही, असं मला आजही वाटतं.

टाऊन हॉलच्या समोर सीपीआर, सरकारी दवाखाना. पेशंटबरोबर आलेली खेड्यातली माणसं डबा खायला, पाठ टेकायला बागेत येतात. त्या दिवशी फेटा बांधलेले एक म्हातारे असेच झाडाखाली बसले होते. सरांनी जवळ जाऊन विचारलं, “बसता का बाबा जरा? चित्र काढतो तुमचं.”

“हलायचं न्हाई व्हय?” म्हणत ते बसले.

मी लांबून, त्यांच्या पाठीच्या बाजूनं रेखाटन सुरू केलं होतं. सरांनी बघितलं. “तिकडनं काय दिसणार? इकडं ये. उजेड गालावर आलाय.” आणि त्यांनी स्वतःचं ईझल हातभर सरकवून मला चांगली जागा दिली. मी कोळशानं काढत होते. तासाभरात दोनदा कागद खराब केला. दुसऱ्यांदा सर काही बोलले नाहीत, आपल्या फोल्डरमधला जाड कागद काढून माझ्या बोर्डावर ठेवला.

उठल्यावर म्हाताऱ्यांनी सरांचं चित्र बघून मान डोलावली. माझ्यापाशी मात्र ते बराच वेळ उभे राहिले. “ह्यो मी न्हवं,” हळूच म्हणाले. “माझा धाकला भाऊ दिसतोय ह्यात. आत वार्डात हाय. मला द्येतीस? त्येला दावतो.”

मी सरांकडे बघितलं. त्यांनी क्लिपा काढल्या आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. “आधी सही कर. सही केल्याशिवाय चित्र हातातून सोडायचं नाही.”

तोवर मी एलिमेंट्री-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या कागदांवर बैठक क्रमांक घातले होते, सही कधीच नाही. खालच्या कोपऱ्यात नाव लिहिलं, तारीख घातली. कोळसा पुसू नये म्हणून सरांनी वर बटर पेपर लावून दिला. गुंडाळी छातीशी उभी धरून ते बाबा रस्ता ओलांडून सीपीआरच्या फाटकात शिरेपर्यंत आम्ही दोघं बघत होतो. मग सरांनी माझ्या बोर्डाला दुसरा कागद लावला.