वांगी रंगाचं आभाळ

भाच्याच्या मित्राच्या साखरपुड्याला माझा कॅमेरा गेला होता, तो परत आला रंगांच्या बल्ब सेटिंगवर, म्हणजे घरातल्या पिवळ्या बल्बच्या उजेडासाठी असतं त्यावर. हे मला कळलं गुहागरहून पुण्याला आल्यावर, लॅपटॉप उघडून बसले तेव्हा. किनाऱ्यावर अंधारून येत होतं, चष्मा सुरूच्या बनात ठेवलेल्या पिशवीत राहिला होता, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर जे निळसर दिसत होतं ते मला दिवेलागणीचंच वाटलं. घरी बघते तर सगळेच्या सगळे फोटो नीळ जास्त झालेल्या धोतरासारखे.

ती संध्याकाळ निळी अजिबात नव्हती. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, परतीचा पाऊस दुपारी धो धो कोसळून गेलेला. सव्वासहाच्या सुमारास सूर्य फारसा गाजावाजा न करता बुडाला. भेळेच्या गाड्यांपाशी असलेली माणसं पाठीमागची वाळू झटकत निघाली. सिनेमा संपल्यावर नावं सुरू झाली की उठतात ना, तशी. मीही कॅमेरा पिशवीत टाकणार होते, पण आई म्हणाली, "थांब जरा, आभाळ फिरतंय."

फिरलंच. सूर्य जाऊन पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. उंचावरचे पिसांसारखे ढग आधी अबोली झाले, मग गुलबक्षी, आणि मग आभाळ, ओली वाळू, ओसरत्या लाटेचा फेस, सगळंच वांगी रंगाचं झालं. जांभळं म्हणत नाही मी. जांभळात निळा फार. ही वांग्याची छटा, तीही भरल्या वांग्यासाठी आपण निवडून घेतो त्या लहान, चकचकीत, देठाशी जरा फिकट असलेल्या वांग्याची. जेमतेम पाच-सात मिनिटं टिकली. आई पाण्याच्या कडेला पाठमोरी उभी होती, तिच्या पायांखालचं आभाळ वरच्या आभाळाइतकंच भरलेलं होतं. फोटो त्याचाच.

आता हा निळा काढायचा कसा? मी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने फेरफार न केलेली मूळ नोंद घेते, त्यामुळे धीर होता. रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे त्या उजेडात पांढरं कशाला धरायचं याचं सेटिंग, ही नुसती सोबत जोडलेली चिठ्ठी असते, 'हा फोटो असा दाखवावा' एवढंच सांगणारी. सेन्सरने टिपलेला मूळ उजेड तसाच आत असतो. चिठ्ठी फाडायची, दुसरी लिहायची. उजेडाचा रंग केल्विन या एककात मोजतात. बल्बचं सेटिंग म्हणजे साधारण 3200 केल्विन. घरातला पिवळा उजेड गृहीत धरून ते चित्रात निळं ओततं. स्लायडर ओढून तो आकडा 5500 वर, म्हणजे दुपारच्या उन्हापाशी आणला, की निळं उतरतं. इथला कारभार सगळा उलटा आहे. भौतिकशास्त्रात केल्विन वाढले की उजेड निळा होतो, आणि या पट्टीवर आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो, कारण तुम्ही त्याला सांगत असता की समोरचा उजेड निळा होता, तेवढा पिवळा घाल. चितळ्यांच्या दुकानासमोर उभं राहून मंडईचा रस्ता विचारला तर लोक हात एकीकडे करतात आणि तोंडाने दुसरीकडे सांगतात, त्यातला प्रकार.

तर 5500 केलं. निळं गेलं. आभाळ गुलाबी-जांभळं झालं. पण हे ते होतं का? 5200 वर जरा जांभळ्याकडे झुकत होतं, 6000 वर आमसुलाच्या आगळासारखं दिसत होतं. प्रत्येक आकड्याला मी 'हां, असंच होतं' म्हणत होते आणि पुढचा आकडा आला की आधीच्याला नावं ठेवत होते. आठवण नावाच्या वस्तूवर किती विसंबावं याचा अंदाज मला त्या रात्री आला. त्यात डोळे आणखी दगाबाज. अर्धा तास गुलाबी पडद्याकडे बघितलं की डोळे त्यालाच पांढरं मानायला लागतात आणि हात आपोआप आणखी गुलाबी ओततो. उठून चहा करून परत आलं की समोर जत्रेतलं बोंबाबोंब आभाळ.

मग मला साडी सुचली. त्या दिवशी आईने नेसलेली साडी मोतिया होती, सुती, बारीक हिरव्या काठाची. ती कपाटात होतीच. साडीचा रंग पक्का, वाद नाही. फोटोतली साडी खऱ्या साडीशी जुळवली की बाकीचे रंग आपोआप जागेवर येतील! मी साडी आणून खुर्चीच्या पाठीवर टाकली, जिथे टेकवू ते पांढरं धरणारा ड्रॉपर घेतला आणि फोटोतल्या पदरावर टिचकी मारली.

साडी मोतिया झाली. अगदी खुर्चीवरच्या साडीसारखी. आणि आभाळ भिजवलेल्या सिमेंटच्या रंगाचं झालं. वाळू राखाडी, लाटा राखाडी, एखाद्या ढगाच्या कडेला मळकट गुलाबी. गुहागर नाही, कुठलाही ढगाळ बंदर-धक्का.

आई मागून येऊन बघत होती. म्हणाली, "साडी अशी कुठे दिसत होती तेव्हा?"

"आई, साडी मोतियाच आहे ना तुझी!"

"आत्ता आहे. तेव्हा वांगी झाली होती. मी हात बघितले होते माझे, तेसुद्धा."

आणि मग तिने जे सांगितलं ते खरं तर मला आधी सुचायला हवं होतं, कारण लहानपणापासून मी ते बघत आलेय. साडीच्या दुकानात गादीवर पन्नास साड्या उलगडल्या जातात, ट्यूबलाइटच्या हिरवट उजेडात एक पसंत पडते, आणि आई म्हणते, "जरा दारात नेऊन बघू का हो?" दुकानदारही सरावलेला. पायरीवर, दिवसाच्या उजेडात साडी धरायची, तिथे जो दिसेल तो रंग खरा. दिवेलागणीनंतर ती साडी घेतच नाही. व्हाइट बॅलन्स म्हणतात ते दुसरं काय आहे? कुठलाही फोटो पायरीवर नेऊन बघायचा. साडी घ्यायची असेल तर ही युक्ती लाखमोलाची. पण ज्या फोटोत उजेड हीच गोष्ट आहे, त्यातला उजेडच पुसला तर उरते काय, तर आईची पाठ.

कॅमेऱ्याचं आपोआप चालणारं व्हाइट बॅलन्सही तेच करतं. त्याची सर्वांत साधी जुनी रीत म्हणजे चित्रातल्या सगळ्या रंगांची सरासरी राखाडी यायला हवी असं धरून चालायचं, आणि नाही आली तर ढकलून आणायची. भाजीबाजाराच्या फोटोला हे जमतं. वांगी आभाळ त्याला बिघाड वाटतो. त्यातून ही गुलबक्षी-वांगी जात मुळात इंद्रधनुष्यात नाहीच. तांबडा आणि निळा एकदम डोळ्यात शिरले की ती तयार होते. त्या संध्याकाळी तेच चाललं होतं. सूर्य आपल्यासाठी बुडाला तरी सात-आठ किलोमीटर उंचीवरच्या ढगांना तो अजून दिसत होता. क्षितिजाजवळून येणारा उजेड डोक्यावरून येणाऱ्या उजेडाच्या मानाने तीस-चाळीस पट हवा कापून येतो. वाटेत निळा विखरून जातो, तांबडा तेवढा उरतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये हे गणित मांडलं. आणि ढगांच्या आजूबाजूला, वरून झिरपणारा निळा, ज्याच्यामागे वातावरणातल्या ओझोनचाही मोठा हात आहे. म्हणजे वर तांबडं वाटण, त्यात निळं. एडिटिंगच्या टिंट पट्टीवर मात्र हा रंग हिरव्याच्या बरोबर समोरच्या टोकाला बसवलेला आहे, ट्यूबलाइटचा हिरवटपणा मारायला. त्यामुळे यंत्राने हे आभाळ बघितलं की ते इमानेइतबारे त्यात हिरवा मिसळतं आणि सगळं सिमेंट करून ठेवतं.

मी काही पहिलीच नाही, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. जुलै 1976 मध्ये व्हायकिंग 1 हे यान मंगळावर उतरलं, दुसऱ्या दिवशी पहिला रंगीत फोटो आला, आणि आधी जो दाखवला गेला त्यात मंगळाचं आभाळ निळसर होतं. आपल्यासारखं. लोक खूश! मग यानावरच बसवलेल्या रंगांच्या चकत्यांशी ताडून बघितलं तर आभाळ गुलाबीसर निघालं. दुरुस्ती जाहीर केली तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी गमतीत हुर्यो उडवली, असं खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी लिहून ठेवलंय. मला त्या हुर्योचं नवल वाटत नाही. आभाळ म्हटलं की निळं, सूर्यास्त म्हटलं की केशरी, हे आपल्या डोक्यात कॅलेंडरांनी छापून ठेवलेलं आहे. आणि मंगळावरचा सूर्यास्त निळसर असतो. तिथली बारीक धूळ सूर्याभोवतीचा निळा पुढे सोडते. 2015 मध्ये मंगळावर फिरणाऱ्या क्युरिऑसिटी या गाडीने त्याचे रंगीत फोटो पाठवले. त्यांतला एखादा कुठून आला हे न सांगता माझ्यासमोर ठेवला असता, तर मी नक्की म्हटलं असतं, कोणीतरी कॅमेरा बल्बवर ठेवलाय.

असो. साडीचा नाद सोडला. शेवटी 5400 वर ठेवलं, टिंट किंचित गुलबक्षीकडे, आणि आईला शेजारी बसवून घेतलं. ती म्हणाली, "फेस जरा जास्तच रंगलाय, तो एवढा नव्हता." तेवढ्या भागातला रंग उतरवला. क्षितिजावर, फोटोच्या एका कडेला, एक पट्टा होता तिथे मात्र माझाच इलाज चालेना. लाल रंगाची मर्यादा सेन्सरवर आधीच संपली होती. लाल काठोकाठ भरून वाहून गेला, हिरवा चढत राहिला, त्यामुळे जिथे शेंदरी रंग होता तिथे पिवळट, कडेला पायऱ्या पडलेला ओशट डाग. सूर्यास्तात सगळ्यात आधी लालच फुटतो, हे माहीत असून मी घाईत उजेड कमी केला नव्हता. याचा दोष भाच्यावर टाकता येत नाही. तो पट्टा मी सरळ कापून टाकला. फोटो बाजूने थोडा अरुंद झाला, आई थोडी मोठी झाली.

रात्री नऊला फोटो आईला पाठवला. ती आतल्या खोलीतून ओरडली, "अगं, हे पिवळं का केलंस आता?" तिच्या मोबाइलवर डोळ्यांना आराम म्हणून रात्रीचा पिवळा पडदा लावलेला असतो, तोही मीच लावून दिलेला. मग घरच्या ग्रुपवर टाकला. तिथला निकाल सकाळपर्यंत लागला. 'मस्त फिल्टर.' 'कुठलं ॲप?' एका मावसभावाने विचारलं, 'एआय का?' आणि मामाने, जो त्या दिवशी त्याच किनाऱ्यावर होता पण भेळ खाऊन सूर्याबरोबरच उठून गेला होता, त्याने लिहिलं, 'एवढं काही नव्हतं.'

मोह झाला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी मी एक प्रत काढली, वांगी अर्ध्यावर उतरवला, कडेला थोडा केशरी घातला, जो त्या दिवशी नव्हताच. ती प्रत एका मैत्रिणीला दाखवली. "हा नॅचरल वाटतो," ती म्हणाली. घातलेल्या रंगाला नॅचरल आणि असलेल्याला फिल्टर! मी ती प्रत ठेवली नाही. आणखी कोणी बघायच्या आत काढून टाकली, जशी बिघडलेली पोळी आपण आधी खाऊन टाकतो.

मला विल्यम ॲस्क्रॉफ्ट या चित्रकाराची आठवण येते. ऑगस्ट 1883 मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, त्याची बारीक धूळ जगभर पसरली. सप्टेंबरात मद्रास आणि सिलोनकडे लोकांनी हिरवा सूर्य पाहिला. नोव्हेंबरच्या शेवटी अमेरिकेत पकीप्सी आणि न्यू हेवनला सूर्यास्तानंतरची लाली बघून आग लागली म्हणून बंब धावले. ॲस्क्रॉफ्ट लंडनमध्ये टेम्सकाठी चेल्सीला बसून रोजची संध्याकाळ खडूंनी उतरवत होता. पाचशेहून जास्त चित्रं केली त्याने, आणि त्यांतली काही 1888 साली रॉयल सोसायटीच्या क्राकाटोआवरच्या अहवालात छापली गेली. त्याच्याकडे केल्विनची पट्टी नव्हती. खडूंच्या पेटीत जेवढे रंग तेवढेच, आणि खडू धरलेला हातही त्याच लालीत लाल दिसणारा. त्याच्या घरच्यांनी काय म्हटलं असेल, मला फार कुतूहल आहे.

आईला फोटो भिंतीवर हवा होता, म्हणून परवा छपाईला नेला. दुकानात संगणकावर बसलेला मुलगा विशीतला, फार मन लावून काम करणारा. त्याने फाइल उघडली, मोठी केली, आईच्या पदरावर नेली, आणि माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघितलं की डॉक्टर रिपोर्ट वाचून बघतात.

"ताई, पूर्ण फोटोला कलर आलाय. साडी व्हाइट असणार ना? काढून देऊ? एक मिनिट लागेल. चार्ज नाही त्याचा."

"नको, असाच हवाय."

"प्रिंट अशीच येईल मग."

"अशीच येऊ दे."

त्याने माउसवरून हात काढला नाही. हाताशी आलेली दुरुस्ती सोडून देताना त्याला खरंच त्रास होत होता. मग त्याने एक पाकीट ओढलं, त्यावर माझा नंबर लिहिला, आकार लिहिला, आणि खाली लाल पेनाने दोन रेघा ओढून लिहिलं: 'नो करेक्शन. कस्टमरच्या जबाबदारीवर.'