तुम्ही विचारलंत म्हणून: कॅन्सर होता तरी कोविडची लस घ्यायला एवढा उशीर का केलास?

हे मला अजूनही विचारतात, आणि विचारणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं की ही लशीविरुद्धचे फॉरवर्ड वाचून घाबरली असणार. नाही हो. माझ्या मुलांची एकही लस मी चुकवलेली नाही.

मला लिम्फोमा, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर होता, केमोबरोबर रिटुक्सिमॅब चालू होतं. हे औषध बी पेशी, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मारतं आणि अँटिबॉडी तयार करायचं काम त्याच पेशींचं. २०२० च्या शेवटी लशी आल्या, पण त्यांच्या मोठ्या ट्रायल्समध्ये केमो चालू असलेले पेशंट घेतलेच नव्हते. म्हणजे सगळ्यात आधी घ्या असं आम्हालाच सांगत होते आणि तपासलेलं मात्र आमच्यावर नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रिटुक्सिमॅब संपल्यावर सहा महिने थांबलात तर अँटिबॉडी जास्त बनतील, पण साथ तुमच्यासाठी थांबणार नाही. मी त्यातलं थांबायचं तेवढं ऐकलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. हे आज कबूल करते.

सहा महिने झाले आणि घेतली, डाव्या हातावर. दहा दिवसांनी पेट स्कॅन होती, ती आधीच ठरलेली. या स्कॅनमध्ये जिथे पेशी जास्त काम करत असतात ती जागा उजळते, कॅन्सरचीसुद्धा. लस कधी घेतली, कुठल्या हातावर, कोणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. रिपोर्टमध्ये डाव्या काखेतल्या गाठी उजळलेल्या. ज्याला गाठींचाच कॅन्सर झालाय त्याने हे वाक्य कसं वाचायचं सांगा. तीन दिवस मी घरात कोणाला बोलले नाही, आंघोळीला गेले की काख चाचपायची, हळूहळू दुखायलाच लागली ती, मनात पुन्हा केमो, पुन्हा केस, पुन्हा मुलांना काय सांगायचं, सगळं सुरू झालं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, लस कुठल्या हातावर घेतली? लशीनंतर त्या बाजूच्या काखेतल्या गाठी काही आठवडे सुजू शकतात आणि स्कॅनमध्ये तशाच दिसतात. तरी खात्रीसाठी सहा आठवड्यांनी परत स्कॅन. ते सहा आठवडे कसे गेले ते मला लिहिता येणार नाही. गाठी विरल्या होत्या.

मग दुसरा डोसही मी लांबवला. कारण कळलं होतं तरी लांबवला, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल दोन्ही डोस झालेले असूनही कोविडने गेले तेव्हा लोक मला म्हणाले, बघ, उपयोग काय. अहो त्यांना मायलोमा, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचाच कॅन्सर होता, अशा शरीरात लशीचा परिणाम कमी होतो म्हणूनच तर आमच्यासारख्यांना तिसरा डोस द्यायला लागले. तो मी वेळेवर घेतला.

आता वाटतं, ज्या गाठींनी मला रडवलं त्या लशीला प्रतिसाद देत होत्या. मी थांबले म्हणून दिला असेल का? की आधी घेतली असती तरी दिला असता? थांबले त्या महिन्यांत मला कोविड झाला नाही ते नशीब, माझा निर्णय बरोबर होता म्हणून नाही, असं मी स्वतःला सांगते. काही दिवस ते पटतं, काही दिवस नाही.