पिनेचे बिल

ऑक्टोबरात जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या घरातला, खोली गरम करणारा एक रेडिएटर पूर्ण उघडूनही गारच राहिला. मेकॅनिकने थर्मोस्टॅटची मूठ काढली, आत रुतून बसलेली बारीकशी पिन पकडीने मोकळी केली आणि दहा मिनिटांत रेडिएटर तापला. बिल आले शंभर युरोंच्या वर. येण्याजाण्याचा आकार वेगळा, मजुरी वेगळी आणि त्यावर 19 टक्के कर. एकही भाग न बदलता एवढे पैसे देणे पुणेकराच्या जिवावर येणारच.

मात्र दोष पंपात नाही, पाण्याच्या दाबात नाही, तर पिनेत आहे, हे ओळखणाऱ्या या माणसाने साडेतीन वर्षांचे प्रशिक्षण घेतलेले असते आणि स्वतःचा व्यवसाय थाटायचा, तर साधारणपणे पुढे माइस्टरची, म्हणजे उस्ताद कारागिराची, परीक्षाही द्यावी लागते. उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद राहिल्याने पिन अडकते, तेव्हा तो उघडा ठेवा, हे त्याने जाता जाता सांगितले. सरकारही मजुरीच्या 20 टक्के, वर्षाला 1,200 युरोंपर्यंत, आयकरातून वजा करते. पण बिल हवे आणि पैसे बँकेतून गेलेले हवेत, रोख दिलेले चालत नाहीत.

पुण्यात आपण वस्तूचे पैसे निमूट देतो, बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारातला भाव ठाऊक असूनही वर थोडे सोडतो. पण कुणी नुसते डोके चालवून नळ सुरू करून दिला, की ‘दोन मिनिटांचे पाचशे?’ असे विचारतो. मग प्लंबरही वॉशरने भागणारे काम असताना अख्खा कॉक बदलायला लावतो आणि आपल्या अक्कलहुशारीची किंमत त्या कॉकमधून वसूल करतो. त्याला लबाड म्हणणे मला तरी जमत नाही.

तरीही आपल्याकडे कारागिरांची कदर नाही, असे इथे कुणी म्हटले की मला राग येतो. नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीत पाइपांचा नकाशा कुणाकडेच नव्हता, आणि ओडिशातल्या केंद्रापाड्याहून (तिथल्या पट्टामुंडईने देशभर प्लंबर पुरवले आहेत) आलेले आमचे प्लंबर भिंतीवर हात फिरवून गळती नेमकी कुठे आहे ते सांगत. फोन केला, की संध्याकाळपर्यंत येत. इथे मेकॅनिकची वेळ मिळेपर्यंत घरात स्वेटर घालून बसावे लागले. बाबा घासाघीस करत हे खरे, पण चहा पाजल्याशिवाय त्यांनी प्लंबरला कधी जाऊ दिले नाही, हेही हिशेबात धरायला हवे. इथल्या मेकॅनिकला मीही कॉफी विचारली होती. त्याने घड्याळाकडे पाहिले, आणि तो वेळही मजुरीत धरला जाईल या शंकेने मी फारसा आग्रह केला नाही.