आमची वाटचाल : पंपाच्या मोटारीपासून गिटारच्या पिकअपपर्यंत

वरूड तालुक्यात वाइंडिंगवाला, म्हणजे जळलेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने भरणारा, उपाशी मरत नाही. संत्र्याची बाग आली की बोअर आला, बोअर आला की सबमर्सिबल आली आणि व्होल्टेज पडलं की ती जळलीच. बाबांनी मोटारी भरून घर उभं केलं, मीही भरत राहिलो. त्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं एवढंच.

गिटार दुकानात आली ती अमरावतीच्या ऑर्केस्ट्रातल्या एका काकांमुळे. त्यांच्या गिटारचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणारं चुंबक आणि त्याभोवतीची कॉइल, मेला होता आणि नागपुरात सगळे ‘नवीन टाका’ म्हणत होते. काकांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. “भाऊ, मोटार भरता तं हे काहून नाई भरत?”

पिकअपची तार अमेरिकन मापाच्या ४२ गेजची, म्हणजे जेमतेम ०.०६३ मिलिमीटर. ती गुंडाळायला यंत्र घरीच जुळवलं : शिलाई मशीनची मोटार, पायाखाली तिचंच पेडल, तार चिमटीत धरायला नमद्याचा तुकडा. चाकावर चुंबक चिकटवलं, शेजारी रीड स्विच (चुंबक जवळ आलं की जोडला जाणारा) ठेवला आणि त्याच्या तारा साध्या कॅल्क्युलेटरच्या ‘बरोबर’च्या बटणाला डकवल्या. एक अधिक एक दाबून ठेवायचं; चाक फिरलं की आकडा एकाने वाढतो. ७,६०० वेढे झाले की थांबायचं. हे यंत्र आजही चालू आहे, आणि बाजारातल्या महागड्या मशीनशी मी ते बदलणार नाही.

काकांची हौस दांडगी. त्यांना स्टेजवर व्ही आकाराची गिटार हवी होती, गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीने १९५८ साली काढली तशी. आमच्या सुतारमामांनी ती सागवानात केली. सागाला तेल असतं, सांधा थिनरने पुसून लगेच सरस लावला नाही तर उखडतोच. मांडीवर ठेवली तर ही गिटार घसरते, पण काका वाजवतात उभ्यानेच. लग्नाचा स्टेज हमखास डीपीच्या (विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या) बाजूला, त्यामुळे सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप, नुसता गुणगुणायचा. तिथे हंबकरच पाहिजे. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली काढलेली युक्ती : दोन कॉइल, वेढे उलट, चुंबकही उलट. ५० हर्ट्झची गुणगुण आपसात कापली जाते, तारेच्या सुराची मात्र बेरीज होते.

मग डॅनइलेक्ट्रो या अमेरिकन गिटार कंपनीच्या धर्तीचे लिपस्टिक पिकअप केले. त्यांनी खरोखरच लिपस्टिकच्या नळ्या वापरल्या होत्या; आम्ही क्रोमचा पाइप कापला. चुंबकपट्टीभोवती कॉइल, वरून टेप, की नळीत.

हेच पिकअप एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याने उधारीवर उचलले. नाव घेत नाही, तो वाचेल. स्ट्रॅटसाठीच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारसाठीच्या) सिंगल कॉइलचा लॉटही सोबत होता. मे महिन्यात, पत्र्याखाली, पारा ४५ वर असताना मी मल्टीमीटर लावला आणि डब्यांवर कॉइलचा रोध ६.५ किलोओहम लिहिला. त्याच्या एसीत भरले ६. रोध कमी म्हणजे वेढे कमी, असं धरून पठ्ठ्याने फोनवर सुनावलं, “सहाशे वेढे खाल्लेत तुम्ही.” अख्खा माल परत, वर पैसेही अडकवले. पिकअपच्या नादात सीझनच्या मोटारी दुसऱ्या दुकानात गेलेल्या, तारवाला दारात बसलेला. शटर ओढायचंच बाकी होतं.

अहो, तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला साधारण ०.३९ टक्के. वीस-एकवीस अंशांच्या फरकात आठ टक्के होतात, म्हणजे नेमका अर्धा किलोओहम. हे आयटीआयच्या पोरालाही कळतं. काकांनी परत आलेला एक पिकअप पिशवीत गुंडाळून चौकातल्या कोल्ड्रिंकच्या दुकानात फ्रीजमध्ये ठेवला. बाहेर काढल्याबरोबर मीटरवर ५.६. हातात धरून बसलो तर आकडा डोळ्यांदेखत वर चढायला लागला. “पाहा राजेहो, वेढे परत उगवून राहिले!” काकांनी त्याचा व्हिडिओ व्यापाऱ्याला पाठवला. निळ्या टिक आल्या, उत्तर आलं नाही. पुढच्या दिवाळीत तसेच लिपस्टिक पिकअप त्याच्या स्वतःच्या नावाने बाजारात. डब्यावर ओहम छापलेले, तापमान नाही.

परत आलेला माल काकांनीच ऑर्केस्ट्रावाल्यांत, चर्चमध्ये वाजवणाऱ्या पोरांत रोखीने खपवला. स्वतःला एक रुपया ठेवला नाही. दुकान त्यावर तगलं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक चिठ्ठीवर वेढे, ओहम आणि त्या दिवशीचं तापमान असतं.

आता विषय निघालाच आहे तर, नुसत्या ओहमवर पिकअप घेऊ नका. तार बारीक केली की ओहम वाढतात, आवाज वाढेलच असं नाही. चुंबक कोणतं आहे ते विचारा. आणि पिकअप गिटारच्या तारांना भिडवू नका. चुंबक तार ओढतं, सूर डगमगतो, मग लोक ट्यूनरला शिव्या देतात. शिट्टी मारणारा पिकअप मेणात बुडवायचा असेल तर मेण पाण्याच्या भांड्यात ठेवून ६५ अंशांच्या आसपास वितळवा, थेट गॅसवर नको. बॉबिन (कॉइल गुंडाळलेली रिळी) वाकडं होतं.

मोटारीही भरतोच. दुरुस्तीचा पिकअप पाठवताना कव्हर स्वतः उघडू नये, तुटलेली तार कापू नये. उधारी बंद आहे.