कोपऱ्यातलं भोक

परवा रात्री वळवाने मिरजेपासून नागजपर्यंत सगळं झोडपून काढलं, तेव्हाच कळलं होतं की एक-दोन दिवसांत माझ्या ताडपत्रीच्या दुकानात कुणीतरी भांडायला येणार. दुकान उघडून अगरबत्ती लावतोय तोच एक बोलेरो पिकअप दारात आली. मालकाने हूड, म्हणजे हौद्यावरचं ताडपत्रीचं छत, कमानींवरून सोडून, घडीसुद्धा न घालता हौद्यात कोंबलं होतं. ते ओढून त्याने उंबऱ्यावर टाकलं.

"तुमच्या हुडानं बुडवलं मला. चौदा म्हैनं न्हाई झालं अजून."

हूड माझंच होतं. कडेच्या दुमडीत आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि काम कुणाच्या हातचं त्याचं अक्षर टाकायचं, ही वडिलांपासूनची पद्धत. गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, अक्षर माझं.

शेडवरून बेदाण्याच्या ९६ पेट्या भरून तो तासगावच्या कोल्ड स्टोरेजला निघाला होता. पंधरा किलोची पेटी, म्हणजे दीड टनाला थोडं कमी. वाटेत पावसाने गाठलं म्हणून हॉटेलवर दीडेक तास गाडी लावली. सकाळी उतरवताना ११ पेट्या भिजलेल्या. पुठ्ठा मऊ पडलेला, आतल्या पिशवीचं तोंड नुसतंच दुमडलेलं. चार किलो द्राक्षं वाळवावी तेव्हा किलोभर बेदाणा हातात येतो, आणि पाणी लागलं की तो काळवंडतो, चिकटतो. व्यापाऱ्याने पैसे भाड्यातून कापले. त्यात गाडीवाल्याची काय चूक, असं व्यापाऱ्याला कुणी विचारत नाही. गाडीवाला येतो तो ताडपत्रीवाल्याकडे.

त्याचा पहिला आरोप ठरलेला होता : "कापड हलकं दिलं." हे ऐकून माझं डोकं फिरतं, कारण या धंद्यात हलकं कापड देणारेच जास्त आहेत. ताडपत्री जीएसएमवर विकतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. प्लास्टिकच्या ताडपत्रीवर २०० छापलेलं असतं आणि काट्यावर ती १६० भरते. तपासायला काही लागत नाही. १८ बाय २४ फुटांची ताडपत्री म्हणजे ४० चौरस मीटर. २०० जीएसएमची असेल तर ८ किलो भरलीच पाहिजे. शेतकरी खताचं पोतं उचलून वजन सांगेल, पण ताडपत्री घेताना छाप वाचून घरी नेतो. मापातही गोम असते. १८ बाय २४ हे कापताना धरलेलं माप. कडा दुमडून, जोड मारून हातात येते तेव्हा दोन्हीकडून चार-सहा इंच गेलेले असतात.

मी त्याच्यासमोर हुडाच्या मागच्या झापेतून दहा सेंटिमीटरचा चौकोन कापला आणि छोट्या काट्यावर ठेवला. ६.४ ग्रॅम. शंभराने गुणा, ६४०. मी ६५० चं पीव्हीसी कापड सांगितलं होतं. तो गप्प झाला.

मग हूड जमिनीवर पसरलं. आमच्याकडे ओरडणाऱ्याला आधी पसरायलाच लावतात; गुडघ्यावर आलेला माणूस जरा खाली येतो. पुढच्या उजव्या कोपऱ्यात, केबिनच्या मागच्या लोखंडी अँगलवर जिथे कापड टेकतं, तिथे रुपयाएवढं भोक होतं. कडा काळ्या, घासून झिजलेल्या. हूड बसवताना मी प्रत्येकाला सांगतो की त्या अँगलला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. पिकअपचं हूड वाऱ्याने फाटत नाही, फडफडण्याने फाटतं. दोरी सैल, खाली धारदार लोखंड, आणि साठच्या वेगाने तासन् तास कानस चालल्यासारखं कापड घासत राहतं. मी अँगल बघायला बाहेर गेलो. ट्यूब नव्हती.

"पट्टी लावली होती का?"

"लावायची ऱ्हायलीच."

झालं. मी वकिलासारखा त्याच्याकडे बघितलं असणार. ठिगळ फुकट मारून देतो, उद्या संध्याकाळी न्या, म्हणालो. तो मान खाली घालून गेला आणि मी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत माझ्या भाच्याने त्याच्या मोबाईलवर आदल्या दिवशी आलेले फोटो उघडले. दुकानाचा नंबर त्याच्याकडे असतो, मी ते कधी बघत नाही. भिजलेल्या पेट्या जागेवर असतानाचे फोटो होते. भाचा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, भोक पुढं हाय. भिजल्यात मधल्या. अन् त्या बी वरच्या थरातल्या."

पुढच्या कोपऱ्यातून आलेलं पाणी हौद्याच्या तळाला उतरतं, पत्र्याच्या पन्हळींतून मागे फाळक्याकडे जातं. त्याने खालच्या पेट्या भिजतात. वरच्या थराच्या मधोमध ते उडी मारून जाणार नाही. एवढं मला कळत नाही असं नाही. मी बघितलंच नव्हतं.

चार स्टुलांवर आणि दोन बांबूंवर हूड ताणलं, आम्ही दोघांनी बादलीने पाणी ओतलं आणि मी बॅटरी घेऊन खाली शिरलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या कमानीच्या मध्ये कापडाला जरा पोट येतं, तिथे पाणी साचलं. वाट बघत बसलो. पाच-सात मिनिटांनी जोडाच्या रेषेवर घाम यावा तसा ओलावा दिसला, मग एक थेंब मोठा होत होत सुटला आणि माझ्या चष्म्यावर पडला.

हा जोड मी अभिमानाने मारतो. शिलाई मारली की इंचाला पाच-सहा भोकं पडतात आणि प्रत्येक भोक पुढे-मागे गळतं. वर मेण फासा, काही फासा. म्हणून पीव्हीसीला मी गरम हवेच्या गनने जोड मारतो. दोन कापडं दीड-दोन इंच एकमेकांवर, पुढचं कापड वर आणि मागचं खाली, कौलं घालतात तसं, म्हणजे गाडी पळताना वारा जोडात शिरत नाही. गनचं चपटं तोंड दोन कापडांच्या मध्ये, मागोमाग रोलरचा दाब. हात एका चालीने सरकला पाहिजे. थांबलात तर धूर येऊन कापड जळतं, घाई केलीत तर नुसतं चिकटतं. आणि नुसतं चिकटलेला जोड दिसायला चांगल्या जोडासारखाच दिसतो, हीच त्यातली मेख.

खिळ्याने टोक उचलून मी जोड ओढला. पक्का जोड ओढला की वरचा थर सोलून निघतो आणि आतले पांढरे धागे उघडे पडतात. कापड फाटेल, जोड सुटणार नाही. इथे नऊ इंच जोड पाकीट उघडावं तसा सुटला. दोन्ही बाजू गुळगुळीत, चकचकीत. धागा एकही नाही. दीड तास गाडी उभी असताना वर साचलेलं पाणी इथूनच हळूहळू झिरपलं होतं.

फेब्रुवारी, आणि मार्करचं माझं अक्षर. त्या वेळची भांडणं मला आठवली. आमच्या भागात शेतीपंप सुरू झाले की दुकानात व्होल्टेज १९० वर येतं. २३० च्या जागी १९० म्हणजे सहाव्या हिश्शाची घट वाटते, पण हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घसरते. जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. डायल तेवढाच दाखवतो, गन तेवढाच आवाज करते. त्या आठवड्यात भाचा म्हणाला होता, "मामा, गन धरत न्हाई, रात्री मारू जोड." मी त्याला कामचुकार म्हटलं होतं, गिऱ्हाइकासमोर. वर 'आमच्या वेळी' वगैरेही झालं. मग गन त्याच्या हातातून घेऊन मीच बसलो.

त्याने आता यातलं काही काढलं नाही. फक्त रोलर पुसून ठेवला.

संध्याकाळी गाडीवाल्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ गाडीचाच आवाज.

"म्हंजे कोपऱ्यातल्या भोकातनं न्हाई आलं पाणी?"

"थोडं आलं असेल. पण पेट्या माझ्या जोडानं भिजल्या."

"मग सकाळी मला का तसं म्हनला?"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. ११ पेट्यांचे कापले गेलेले पैसे मी देतो म्हणालो. तो म्हणाला, जोड आधी नीट मारा, पैशाचं समोर बसून बोलू. जोड भाच्याने रात्री दहानंतर मारला, मीटरवर २२५ बघून. मी बॅटरी धरली.

वडील असते तर काय म्हणाले असते ते माहीत आहे. ते सुती कॅनव्हासला दोन ओळी शिलाई मारायचे आणि गनला 'हेअर ड्रायर' म्हणायचे. पण सुती कापड आज कुणाला परवडतं, आणि भिजल्यावर त्याचं वजन कोण ओढणार.

झोपायच्या आधी गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं. कमी व्होल्टेजच्या त्या दिवसांत माझ्या हातची सहा हुडं गेली आहेत. हे एक धरून. दोघे रविवारी गाडी घेऊन येतात. त्यातल्याच एकाने विचारलं की फुकटात बोलावताय म्हणजे काय विकायचंय. तिसऱ्याने गाडीच विकली. एक भाजीवाला आहे, म्हणाला, भिजलं तर भाजी ताजी दिसते. उरला एक अथणीकडचा, कर्नाटक पासिंगचा. रजिस्टरातला त्याचा नंबर लागत नाही. पुढे फक्त 'हळद' एवढंच लिहिलंय, माझ्याच अक्षरात.