साठ चौकटी, पण सडे दोनच

कातळसड्यावरच्या (कोकणातल्या उघड्या, सपाट कातळ पठारावरच्या) पावसाळी फुलांवर पीएचडी करताना माझा एक अख्खा पावसाळा वाया गेला. त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

रत्नागिरीकडे सुरुंग लावून कातळ फोडतात, खड्ड्यांत बाहेरून आणलेली माती भरतात आणि हापूसची कलमं लावतात. कलमांच्या मधे उरलेल्या कातळावर गेंद, सीतेची आसवं, कवळा ही पावसाळी फुलं मोकळ्या सड्याइतकीच उगवतात का, हा माझा प्रश्न. मी एक मोकळा सडा घेतला आणि एक बागेचा. दोन्हीकडे एक मीटर बाय एक मीटरच्या ३०-३० चौकटी. जागा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये रँडम पॉइंट काढून ठरवल्या. (चौकट पाठीमागे फेकून जागा ठरवायची पद्धत अजून कुठे कुठे शिकवतात. ती वापरू नका, हात फुलांकडेच वळतो.) जुलै ते सप्टेंबर मोजणी झाली, दोन सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट लावली, पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.००१ च्याही खाली. मी खूश होते.

ऑक्टोबरात सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या मॅडमनी एवढंच विचारलं, "सडे किती?"

"दोन."

"मग तुझा एन प्रत्येक बाजूला एक आहे. तीस नाही."

एन म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. एका सड्यावरच्या तीस चौकटींना एकच उतार, एकच वारा, एकच गुरांचा कळप. दोन सड्यांत फरक दिसला तर तो कलमांमुळे आहे की एक सडा समुद्राजवळ आहे म्हणून, हे त्या आकड्यांवरून कधीच कळणार नाही. सॉफ्टवेअरला सड्यांबद्दल काही सांगितलेलंच नसतं, त्यामुळे ते निमूट उत्तर देतं. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये याच चुकीला स्यूडोरेप्लिकेशन (खोटी पुनरावृत्ती) हे नाव दिलं. त्यांनी १७६ प्रायोगिक अभ्यास तपासले, त्यांतल्या २७ टक्क्यांत ती सापडली. ज्यांनी संख्याशास्त्रीय चाचण्या लावल्या होत्या तेवढेच धरले, तर ४८ टक्क्यांत.

राग येतो तो अर्जाचा. आमच्या मंजुरी अर्जात एकच रकाना होता, 'नमुन्यांची संख्या'. मी ६० लिहिलं. त्यावर तीन सह्या झाल्या. ते साठ कुठून, किती स्वतंत्र जागांवरून, हे विचारणारी ओळच त्यात नव्हती आणि सही करणाऱ्या कुणी विचारलंही नाही. जून महिन्यात दोन मिनिटांत विचारता आला असता असा प्रश्न ऑक्टोबरात आला. तोवर सडा वाळून पिवळा झाला होता. या वनस्पतींचं तेव्हा फक्त बी उरतं, मोजणार काय? पुढच्या जुलैपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. मुदतवाढीसाठी चार फेऱ्या मारल्या. प्रत्येक वेळी 'विलंबाचे कारण' नव्याने लिहून मागत. पाऊस संपला, हे कारण तिथे कुणालाच पटत नव्हतं.

पहिल्या वर्षाचे आकडे फेकू मात्र नका. चौकटी-चौकटींत किती चढउतार असतो ते त्यांतूनच कळलं, म्हणून दुसऱ्या वर्षी दर सड्यावर दहाच चौकटी घेऊन भागलं. सडे १२, सहा मोकळे आणि सहा बागेचे. विश्लेषण आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. मोजणीच्या आकड्यांसाठीचं पॉयसन मॉडेल बसलं नाही, कारण त्यात व्हेरिअन्स (आकड्यांमधल्या चढउताराचं माप) सरासरीइतका असावा लागतो आणि गेंद तर झुबक्यांनी उगवतो: एका चौकटीत शेकडो, शेजारच्या चौकटीत एकही नाही. म्हणून जास्तीचा चढउतार चालणारं निगेटिव्ह बायनॉमियल घेतलं आणि सडा हा रँडम इफेक्ट ठेवला, म्हणजे कुठल्या चौकटी एकाच सड्यावरच्या आहेत हे मॉडेलला सांगितलं. ग्लिमटीएमबी पॅकेजमध्ये हे एका ओळीचं काम आहे.

हे आधीच सांगायला हवं होतं: वनस्पती दिसली नाही तर शून्य लिहा, रकाना कोरा ठेवू नका. पहिल्या वर्षीच्या कोऱ्या रकान्यांत 'नाही' कुठलं आणि 'बघायचं राहिलं' कुठलं, हे मलाच सांगता येईना. आणि लिहायला पेन्सिलच वापरा.

फरक दुसऱ्या वर्षीही उरला. बागेत गेंद कमीच होता, पण कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, चांगलाच रुंद आला. तो तसाच छापलाय आणि त्याचा मला अभिमान आहे. यंदा विभागातल्या एका ज्युनियरचा अर्ज बघायला आला. त्या रकान्याखाली मी तिला हाताने एक ओळ वाढवायला लावली: 'पैकी स्वतंत्र जागा किती'.