तावी नाय, तावी!

मंगळवार, रात्री

आज लेकाशी चावीवरून भांडण झालं. दाराकडे बोट दाखवून "तावी, तावी" चाललं होतं. मी गमतीत विचारलं, "तावी हवी का?" तर असा चिडला! "तावी नाय! तावी!" मग "चावी?" म्हटलं, तेव्हा कुठे स्वारी शांत झाली. म्हणजे 'च' आणि 'त' यांतला फरक कानाला पक्का कळतोय, जीभ तेवढी मागे आहे. प, ब, म ओठांवरचे, ते केव्हाच जमले. र आणि ळ यायला अजून वेळ लागणार.

दिवसभर माझ्याबरोबर असतो म्हणून "मी येते", "मी बसते" म्हणतो. भेटेल तो दुरुस्त करतो, "अरे, मुलगा ना तू? येतो म्हण!" पण त्याच्या बाजूने बघा. आई म्हणते 'मी जाते', बाबा म्हणतो 'मी जातो'. क्रियापद कुणामुळे बदलतंय, हे त्याला कुणी सांगितलंय? दोन वर्षांच्या जिवाने ते आपलं आपणच शोधायचं. "तुला पाहिजे" म्हणत स्वतःच हात पुढे करतो, तेही तसंच. सगळे त्याला "तुला पाहिजे?" विचारतात, मग तो 'तुला'च झाला ना!

सासूबाईंना वेगळीच काळजी. मध्यंतरी "केलं", "गेला" नीट म्हणायचा, आता "करलं", "बाबा जाला". पोर मागे चाललंय की काय? मला उलट वाटतं. 'केलं' ही पोपटपंची होती. 'करलं' घरात कुणीच म्हणत नाही, ते त्याने स्वतः बनवलंय. मारलं, धरलं, भरलं, म्हणून करलं. त्याचा हिशेब चोख आहे, बेशिस्त भाषाच आहे.

हे सगळं लिहून ठेवायचा मला नाद लागलाय. डार्विननेही आपल्या मुलाच्या अशा नोंदी ठेवल्या होत्या आणि १८७७ साली त्या छापल्या. वर्षाचं झाल्यावर त्या पोराने खाण्यासाठी स्वतःच 'मम' हा शब्द काढला, हे त्यात आहे. एवढा मोठा माणूसही हेच करत बसायचा, तर माझं काय!

सासूबाईंना म्हटलं, दुरुस्त करत बसायला नको, आपण नीट बोलत राहू. त्या म्हणाल्या, "तुझा नवरा शाळेत जाईपर्यंत मांजराला मांदल म्हणायचा." हे मला कळलंय, याचा नवऱ्याला अजून पत्ता नाही.